आधी बेट विचारा : ब्रिटनमधल्या कॅरिबियन खाण्याची आणि रम बारची पहिली ओळख

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्या काही महिन्यांत करी हाउस, चायनीज, तुर्की कबाब असं सगळं पालथं घालतो, पण कॅरिबियन दुकानापुढून बिचकून तसाच पुढे जातो. फळ्यावरची नावं ओळखीची नसतात, काउंटरवर काय मागायचं ते कळत नाही, आणि रम म्हटलं की ओल्ड मंक आणि कोलाच्या पलीकडे काही आठवत नाही. मग कधीतरी ऑफिसच्या पार्टीत एखाद्या साखळी रेस्टॉरंटमध्ये जाणं होतं, जर्क चिकन आणि दोन गोड कॉकटेल्स होतात आणि 'कॅरिबियन म्हणजे एवढंच' हे मनात पक्कं बसतं. या खाण्यावर माझा जीव आहे, म्हणून नव्याने येणाऱ्यांनी निदान योग्य दाराने आत शिरावं असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी एक सवय लावून घ्या. कॅरिबियन असं एकच स्वयंपाकघर नाही. जमैका, ट्रिनिदाद, बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा या प्रत्येकाचा मसाला वेगळा आणि रमही वेगळी. गयाना तर बेटही नाही, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा देश आहे, पण जेवायला याच पंगतीत बसतो. तेव्हा दुकान असो वा बार, पहिला प्रश्न हाच : हे कुठलं? विचारल्याचा राग कुणाला येत नाही. उलट समोरचा माणूस खुलतो.

आधी वस्ती गाठा

22 जून 1948 रोजी 'एम्पायर विंडरश' या जहाजाने कॅरिबियनहून आलेले प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. ज्यांची राहायची सोय नव्हती त्यांना क्लॅपम साउथच्या युद्धकालीन भुयारी निवाऱ्यात ठेवलं होतं, आणि तिथून सोयीची रोजगार कचेरी ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होती. नोकरीची चौकशी करायला गेलेली माणसं तिथेच खोल्या शोधू लागली आणि ब्रिक्स्टन घडत गेलं. आजही लंडनमध्ये सुरुवात करायला तीच जागा सोयीची. इलेक्ट्रिक अव्हेन्यूवर भाजी, मासे आणि मसाले, आणि शेजारच्या ब्रिक्स्टन व्हिलेजच्या छताखाली बसून खायची छोटी ठिकाणं. पश्चिमेला नॉटिंग हिलचं ऑल सेंट्स रोड आहे. 1968 साली फ्रँक क्रिचलो यांनी तिथे मॅंग्रोव्ह रेस्टॉरंट उघडलं, पोलिसांनी त्यावर वारंवार छापे घातले, त्याविरुद्ध 1970 मध्ये मोर्चा निघाला आणि पुढे नऊ जणांवर खटला चालला. दंगलीच्या मुख्य आरोपातून ते सगळे सुटले. जेवणाची एक जागा टिकवण्यासाठी या लोकांना काय सोसावं लागलं, हे तिथून चालताना माहीत असलेलं बरं.

लंडनबाहेर : बर्मिंगहॅममध्ये हँड्सवर्थ, मँचेस्टरमध्ये मॉस साइड आणि हल्म, ब्रिस्टलमध्ये सेंट पॉल्स आणि ईस्टन, लीड्समध्ये चॅपलटाउन. हँड्सवर्थच्या सोहो रोडवर पंजाबी मिठाईवाला आणि जमैकन पॅटीवाला एकाच रांगेत सापडतात. लहान गावांना कमी लेखू नका. हाय विकममध्ये सेंट व्हिन्सेंटची माणसं मोठ्या संख्येने आहेत, रेडिंगमध्ये बार्बाडोसची. म्हणजे 'कुठलं?' या प्रश्नाचं उत्तर शहराप्रमाणेही बदलतं.

पहिली खेप टेकअवेत

पहिल्यांदा बारमध्येही जाऊ नका आणि साखळी रेस्टॉरंटमध्येही नको. वस्तीतलं साधं टेकअवे शोधा, शक्यतो शनिवारी दुपारी. शनिवारी बऱ्याच ठिकाणी सूप असतं : भोपळा, याम हा कंद, गाजर, पिठाचे गोळे, आणि कोंबडीचं, मटणाचं किंवा बीफचं मांस. थंडीत त्या एका वाटीवर जेवण भागतं.

काउंटरच्या काचेमागे स्टीलच्या ट्रे तापत असतात. रांगेत पुढे सरकता सरकता काय काय शिल्लक आहे ते बघून ठेवा, कारण फळ्यावर लिहिलेलं सगळं असतंच असं नाही. ऑक्सटेल (गुराच्या शेपटीचं मांस) सगळ्यात आधी संपतं. तुमची पाळी आली की आधी 'गुड आफ्टरनून' म्हणा. विशेषतः काउंटरमागे वयस्क बाई असतील तर हे विसरू नका. नमस्कार न करता थेट ऑर्डर सोडणं तिथे उद्धटपणाचं समजतात. मग आकार सांगा : स्मॉल, मीडियम की लार्ज. स्मॉल एका माणसाला पोटभर होतं. त्या डब्यात तळाला भात पसरतात, त्यावर चिकन किंवा मटण घालतात आणि पळी हातात धरून विचारतात, रस्सा भातावर घालू का? 'हो' म्हणा. शक्य असेल तर ब्राउन स्टू किंवा करी गोटचा रस्सा मागा, जर्क घेतलं असलं तरी. जर्क कोरडं असतं, त्याला त्या रश्श्याने जान येते. कडेला कोबीचं सॅलड. तळलेल्या प्लँटेनचे बहुतेक वेगळे पैसे पडतात, पण ते सोडू नका. पिकून साल काळी पडलेलं प्लँटेन तळलं की आपल्या वसईच्या राजेळी केळ्याची आठवण येते.

आता डब्यात काय आहे ते एकेक बघू.

'राइस अँड पीज' मध्ये मटार नसतात. लाल राजमा किंवा गुंगो पीज, म्हणजे आपली तूर, नारळाच्या दुधात, थाइम हा वासाचा पाला आणि पातीचा कांदा घालून, शिजवून त्यातच भात करतात. वर एक अख्खी मिरची ठेवलेली असते, ती फुटू न देता काढून घेतात.

जर्कमध्ये दोन गोष्टी मुख्य : जमैकात जिला पिमेंटो म्हणतात ती ऑलस्पाइस (मिरीसारखे सुके दाणे), आणि स्कॉच बॉनेट मिरची. त्यांच्या जोडीला थाइम, आलं, लसूण, पातीचा कांदा. जमैकात हे मांस पिमेंटोच्याच लाकडावर भाजतात, ब्रिटनमध्ये बहुधा उभ्या चिरलेल्या पिंपात कोळशावर. दुकानाबाहेर असं पिंप धुमसताना दिसलं तर तिथेच थांबा. ओव्हनमध्ये भाजून वरून सॉस ओतलेलं जर्क बरंच मिळतं, पण ते निराळं प्रकरण आहे. चिकन हाडांसकट कोयत्याने तोडून देतात, तेव्हा जपून चावा.

करी गोट आपल्याला सगळ्यात लवकर आवडतं आणि सगळ्यात जास्त गोंधळातही टाकतं. त्यातली हळद, धणे, मेथी ओळखीची, पण चवीत थाइम आणि ऑलस्पाइस डोकावतात. ब्रिटनमध्ये मटण म्हणजे मेंढीचं मांस. काही दुकानं बकऱ्याऐवजी तेच वापरतात, तसं पाटीवर लिहितातही. बकराच हवा असेल तर विचारून घ्या.

स्कॉच बॉनेटबद्दल एक इशारा. 'आम्ही कोल्हापूरचे' म्हणून टेबलावरच्या पिवळ्या पेपर सॉसची बाटली डब्यावर उपडी करू नका. या मिरचीचा तिखटपणा साधारण 1 लाख ते 3.5 लाख स्कोव्हिल असतो. आपलं लवंगी मिरचीचं तिखटही त्याच्या खालीच राहतं. जेवण स्वतः बहुधा मध्यम तिखट असतं, खरी आग त्या बाटलीत असते. काट्याच्या टोकावर थेंबभर घ्या. आधी जर्दाळूसारखा फळाचा वास येईल, जळजळ त्याच्या मागून येते. त्या वासासाठीच ही मिरची घालतात.

घाईत असाल तर पॅटी. पिवळ्या, पापुद्र्याच्या कवचात बीफ, चिकन, खारवलेला मासा किंवा भाजी भरलेली असते. कोको ब्रेड या मऊ पावात घालून मागितली तर तेच जेवण होतं.

गोमांस, शाकाहार आणि काय विचारायचं

बीफ न खाणाऱ्यांनी तीन नावं लक्षात ठेवावीत : ऑक्सटेल, बीफ पॅटी आणि काऊ फूट. ऑक्सटेल म्हणजे गुराचं शेपूटच. पॅटीचं कवच बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून आत काय आहे ते प्रत्येक वेळी विचारा. सूपमध्ये बीफ असू शकतं. काही ठिकाणी राजम्याच्या भातातही चवीला खारवलेलं मांस घालतात. हलाल हवं असेल तर लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये बरीच दुकानं तशी पाटी लावतात.

शाकाहाऱ्यांना इथे उपाशी राहावं लागेल असं ऐकलं असेल तर ते साफ चूक आहे. रास्ताफारी पंथाच्या 'आयटल' स्वयंपाकात मांस चालत नाही, बरेच जण मीठही टाळतात. डाळी, भोपळा, नारळाचं दूध, पालेभाज्या असा तो आहार असतो. आयटल लिहिलेलं दुकान दिसलं की आत जा. जमैकन दुकानात कालालू मागा. जमैकात कालालू म्हणजे माठाच्या जातीची पालेभाजी, कांदा-टोमॅटोवर परतलेली. पण तेच नाव ट्रिनिदादच्या दुकानात घेतलंत तर अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध घोटून केलेली दाट भाजी समोर येईल, आणि तिच्यात खेकडा असण्याची शक्यता आहे. बेट आधी विचारा, असं मी म्हणतो ते यासाठीच. न्याहारीतला जमैकन अकी पिवळ्याजर्द अंड्याच्या भुर्जीसारखा दिसतो, पण ते फळ आहे. त्याच्याबरोबर बहुधा खारवलेला मासा असतो. शाकाहारींनी नुसता अकी मागावा.

शाकाहाऱ्यांनी सगळ्यात आधी शोधावं ते ट्रिनिदाद आणि गयानाचं दुकान. 1838 मध्ये गयानाला आणि 1845 मध्ये ट्रिनिदाद आणि जमैकाला भारतीय मजुरांची पहिली जहाजं पोचली. करारावरची ही मजूरभरती 1917 पर्यंत चालली. गेलेली माणसं मुख्यतः भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याहून जहाजावर चढलेली. महाराष्ट्राचा त्यात फारसा संबंध नाही. तरी 'बैंगन चोका' म्हणून ते वांगं भाजून, लसूण घालून कुस्करतात तेव्हा ते आपलं भरीतच असतं. डाळपुरी रोटीत भरडलेल्या डाळीचा भुगा भरतात आणि तिच्यात चणे, बटाटा किंवा भोपळा गुंडाळून देतात. डबल्स तर चुकवूच नका : हळद घातलेले दोन मऊ तळलेले बारे (पुरीसारखे), मध्ये रस्सेदार काबुली चणे, वर चिंचेची चटणी आणि मिरचीचा पेपर सॉस. कागदात गुंडाळून देतात, हाताने आणि वाकून खायचं, कारण रस गळतोच. तिखट किती, असं विचारतील तेव्हा पहिल्या खेपेला 'स्लाइट' म्हणा.

दुकानात एखादे ट्रिनिदादचे आजोबा निवांत बसलेले असतील तर 1971 चा दौरा काढून बघा. वाडेकरांच्या संघाने तिथे मालिका जिंकली, गावसकरांनी पहिल्याच मालिकेत 774 धावा काढल्या आणि ट्रिनिदादमध्ये त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथलं लोकगीत, रचलं गेलं. माझ्या अनुभवात हा विषय निघाला की निदान अर्धा तास तरी जातो.

बसून जेवायची ठिकाणं

टेकअवेत जीभ तयार झाली की मग मित्रांना घेऊन रेस्टॉरंटमध्ये जा. टर्टल बेसारखी 2010 पासूनची साखळी बहुतेक मोठ्या शहरांत आहे. तिथे टेबल सहज मिळतं, शाकाहारी पदार्थांवर खूण असते, आणि एका किमतीत दोन कॉकटेल्सच्या वेळा ठरलेल्या असतात. मोठ्या घोळक्याला ते सोयीचंच आहे. पण मसाला सगळ्यांना झेपेल असा बेतलेला असतो, हे धरून चला. मालक स्वतः स्वयंपाकघरात असलेली लहान रेस्टॉरंटं जेवायला जास्त चांगली. तिथे वेळ लागतो, जेवण मागवल्यावर शिजत असतं, तेव्हा नाटकाची तिकिटं खिशात ठेवून जाऊ नका. अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डरआधी सांगा. 14 ठरावीक घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

रम बार : पोट भरून जा

या देशाचं रमशी असलेलं नातं साधं नाही. ऊस, साखर आणि रम गुलामांच्या श्रमावर उभी राहिली, आणि त्या पैशावर ब्रिस्टल, लिव्हरपूल, ग्लासगो वाढली. लंडनचे वेस्ट इंडिया डॉक्स 1802 मध्ये याच व्यापारासाठी उघडले. तिथल्या जुन्या साखरेच्या गोदामात आज डॉकलंड्सचं संग्रहालय आहे, ते बघून मग संध्याकाळी बारमध्ये बसलात तर ग्लासातल्या द्रवाकडे बघायची नजर बदलते. ब्रिटिश नौदल आपल्या खलाशांना रोजचा रमचा वाटा 31 जुलै 1970 पर्यंत देत होतं.

आता माप. इथला सिंगल म्हणजे 25 मिलि, काही बारमध्ये 35. आपला स्मॉल 30 चा आणि लार्ज 60 चा, म्हणून पहिला ग्लास पाहून फसवल्यासारखं वाटतं. फसवलेलं नसतं, आणि डबल मागायची घाईही करू नका. 40 टक्क्यांची 25 मिलि रम म्हणजे एक युनिट, दारू मोजायचं इथलं माप. जमैकाची पांढरी रे अँड नेफ्यू ओव्हरप्रूफ 63 टक्क्यांची असते, म्हणजे तेवढ्याच मापात दीड युनिटाहून जास्त. इथली सरकारी शिफारस आठवड्याला 14 युनिटांच्या आत राहण्याची आहे.

बाटल्यांची भिंत बघून गांगरून जाऊ नका. रंगावरून काही ठरवू नका, गडद रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो, वयाचा नसतो. 'स्पाइस्ड' लिहिलेल्या कित्येक बाटल्यांवर बारीक अक्षरात 'स्पिरिट ड्रिंक' असतं. 37.5 टक्क्यांच्या खालच्या पेयाला इथे नुसतं रम म्हणता येत नाही. नॉटिंग हिलच्या ट्रेलर हॅपीनेससारख्या रमवरच भर असलेल्या बारमध्ये गेलात तर बारटेंडरला सरळ सांगा : तीन देशांच्या तीन रम, सिंगल, 'नीट' (म्हणजे काही न मिसळता), सोबत पाणी. हलक्या चवीकडून तीव्र चवीकडे जा.

पहिली बार्बाडोसची. माउंट गे या तिथल्या कारखान्याचा दाखला 1703 चा आहे. मऊ, सगळ्यांशी जमवून घेणारी रम. दुसरी गयानाची, एल डोराडो 12 वर्षांची असली तर उत्तम. डेमेरारा नदीकाठच्या त्या कारखान्यात लाकडी भट्ट्या अजून चालू आहेत. काकवी, मनुका, जळक्या साखरेची चव, ओल्ड मंकवरून आलेल्याला इथे घरच्यासारखं वाटतं. तिसरी जमैकाची. अ‍ॅपल्टन घ्या, धीर असेल तर हॅम्पडन. ग्लास नाकाला भिडवू नका, हनुवटीपाशी धरा. हॅम्पडनचा वास अतिपिकलेल्या अननसाचा, केळ्याचा आणि थोडा नेलपॉलिशचा असतो. बिघडली की काय असं वाटेल. बिघडलेली नसते. तिथे मळी कित्येक दिवस आंबू देतात, त्यातून हे वास तयार होतात, आणि जमैकन माणूस त्यांच्यासाठीच ती पितो. पाण्याचे चार थेंब टाका, दोन मिनिटं थांबा, मग एक लहान घोट. मार्टिनिकची असेल तर तीही कधीतरी मागा. ती मळीपासून न करता ताज्या उसाच्या रसापासून करतात आणि तिला रसवंतीच्या चरकासारखा हिरवा वास येतो.

कॉकटेलमध्ये आधी डाइकिरी मागा. रम, लिंबू, साखर, एवढंच. लपायला जागा नसल्याने बारटेंडरचा हात लगेच कळतो. रम पंचचं बार्बाडोसचं जुनं प्रमाण एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणचट, वरून जायफळ आणि अँगोस्टुरा या कडू अर्काचे थेंब. गोडव्यात जोर कळत नाही, म्हणून जगमधून वाटून पिताना आपण किती घेतली याचा हिशेब ठेवा. ओव्हरप्रूफ प्यायचीच असेल तर जमैकन रीतीने टिंग या ग्रेपफ्रूट सोड्यात, भरपूर बर्फ घालून घ्या.

न पिणाऱ्यांनी कोकवर भागवू नये. सोरेल मागा : आपल्याकडच्या लाल अंबाडीच्या बोंडांचं, आलं घातलेलं गडद लाल सरबत. नाताळात त्यात रम मिसळलेली असू शकते, विचारून घ्या. जिंजर बिअरमध्येही दारूचे आणि बिनदारूचे असे दोन्ही प्रकार मिळतात. मॉबी हे झाडाच्या सालीचं कडवट पेय, ते सगळ्यांना रुचत नाही.

ओळखपत्र आणि बिल

दारूसाठी कायद्याने वय 18 लागतं, पण 25 पेक्षा लहान दिसलात तर ओळखपत्र मागतात. जुनी निवास कार्डं बंद झाली आहेत आणि फोनवरचा ई-व्हिसा दारावर चालत नाही. रोज पासपोर्ट घेऊन फिरण्यापेक्षा प्रोव्हिजनल ड्रायव्हिंग लायसन्स काढून घ्या. लंडनमध्ये बिलात 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज बहुधा आधीच धरलेला असतो, तो बघून मगच वेगळी टिप ठेवा. टेकअवेत टिपेची अपेक्षा नसते, काही दुकानं फक्त रोख घेतात. गाडी घेऊन गेलात तर अजिबात पिऊ नका. स्कॉटलंडमधली मर्यादा इंग्लंडपेक्षाही कडक आहे.

बाजारातून घरी

परतताना बाजारात थोडा वेळ काढा. नीरफणस दिसला तर घ्या, कोकणातल्यासारखे काप करून तव्यावर परता. त्याच झाडाची रोपं कॅप्टन ब्लाय यांनी 1793 मध्ये कॅरिबियनला नेली, गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं म्हणून. थाइमची जुडी, ऑलस्पाइसचे दाणे, नारळाच्या दुधाचा डबा आणि दोन-तीन स्कॉच बॉनेट घेतल्या की राजम्याचा भात घरी जमतो. राजमा रात्रभर भिजवून वेगळा दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ शिजवा. त्यातच नारळाचं दूध, थाइम, लसूण, पातीचा कांदा आणि मीठ घाला आणि मग धुतलेले तांदूळ. मिरची अख्खीच वर ठेवा, देठासकट, कुठे चीर नाही ना ते बघून. भात मोकळा करताना डाव लागून ती फुटते, म्हणून झाकण काढल्याबरोबर आधी ती बाहेर काढा आणि मगच भाताला हात लावा.